कारणाच्या रकान्यातलं टिंब

आमच्या रुग्णालयातला संगणक जन्मजात भित्रा होता. औषध लिहिलं रे लिहिलं, की लाल चौकोन दाखवायचा. सलाईन लिहा, तर म्हणे यात मीठ आहे! गांधीबागेच्या कापडबाजारात चाळीस वर्षं कापड मोजून घरी बसलेल्या एका आजोबांना पित्ताची गोळी लिहिली, तर विचारतो, रुग्ण गरोदर आहे का? आजोबांनी ते पडद्यावर वाचलं आणि, शपथेवर सांगतो, दोन दिवस चिंच मागत होते.

चौकोन घालवायचा तर खालच्या रकान्यात कारण लिहावं लागे. कोण्या महाभागानं एकदा तिथे नुसतं टिंब दिलं, आणि ते चाललं! झालं. टिंब हा आमचा कुळाचार झाला. नव्या सिस्टरला पहिल्या दिवशी तीन गोष्टी शिकवायचे: हात कुठे धुवायचे, चहा कुठे मिळतो आणि टिंब कुठे द्यायचं.

मी तिथला फार्मासिस्ट. अडकलेला प्रिंटर एकदा थापड मारून सुरू केला होता, त्या पुण्याईवर सॉफ्टवेअर माझ्या गळ्यात पडलं. कंपनीनं एक साधन दिलं होतं. कोणत्या औषधांच्या जोडीला सूचना वाजवायची, कोणत्या जोडीला गप्प बसवायचं, सगळं त्यात बदलता यायचं. पण त्याला औषध समितीची सही हवी. वर्षभर मी समितीपुढे बोंबललो, की हा कचरा काढू द्या, नाहीतर खरी सूचना त्यात बुडेल. अध्यक्ष डॉक्टरांचं दर वेळी तेच: "वाजू दे ना बाबू! आपलं काय जाऊन राहिलं? बंद केली अन् कोणी गेलं, तर मान कोणाची?"

मान! रुग्णाच्या आधी यांना स्वतःची मान दिसते. त्या दिवशी मी रागानं जिना उतरलो तेव्हा तिन्ही मजल्यांचे पंखे बंद पडले. वीज गेली होती असंही काही लोक म्हणतात.

आणि मग कुही गावची मावशी आली. हृदयात कृत्रिम झडप, म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभराची. धानाच्या चिखलात उभं राहून गजकर्ण झालेलं, त्यावर आमच्या त्वचेच्या डॉक्टरांनी बुरशी मारणारी गोळी दिलेली. या दोन गोळ्या एकत्र घेतल्या की रक्त थांबायचं नाव घेत नाही. आठवड्यानं आली तेव्हा हिरड्यांतून रक्त, अंगभर जांभळे डाग, लघवी लाल. थेट अतिदक्षता विभागात नेली.

तिचे यजमान दोन्ही गोळ्यांची पाकिटं घेऊन माझ्या खिडकीशी उभे राहिले. "काहून गा, एवढा मोठा कंप्युटर ठेवला तुम्ही. त्यानं सांगतलं नाही का?"

माझं डोकं असं तापलं, की वर पोळी भाजली असती. "सांगतलंच असंन, काका. कोणी ऐकलं नाही ते काढतो!"

आज एकेकाला त्याचं टिंब गिळायला लावतो, असं सगळ्या मजल्यांना ऐकू जाईल इतक्या जोरात ओरडून मी नोंदी उघडल्या. मावशीच्या नावावर सूचना दोनदा वाजली होती. एकदा डॉक्टरांकडे: टिंब. दुसऱ्यांदा औषध देताना, मंगळवारी सकाळी साडेअकराला: टिंब. लॉगिन माझं.

मी तीनदा पाहिलं. मग तिचा त्या दिवशीचा चेहरा आठवू लागलो. आठवला नाही. गर्दी होती, एवढंच. गर्दी तर रोजच असते. वर्षभर लोणच्यासारखा मुरवलेला राग वळला आणि माझ्याच अंगावर आला.

नोंदीचा कागद छापून मी समितीच्या टेबलावर आपटला. "आधी माझं नाव वाचा. मग मानेचं बोलू."

समितीतच बसलेले त्वचेचे डॉक्टर फरशी मोजत होते. "एवढा तापून काहून राहिला गा?" अध्यक्ष पुटपुटले. पण सही केली.

मग मी आणि ते साधन. सलाईनमधलं मीठ गेलं, आजोबांचं गरोदरपण गेलं. जीवघेण्या जोड्या तेवढ्या ठेवल्या. त्यांना कारण लिहून सुटका नाही. डॉक्टरनं फार्मासिस्टशी बोललंच पाहिजे, तोवर औषध पुढे सरकत नाही. खोटे रुग्ण तयार करून एकेक जोडी वाजवून पाहिली. एका खोट्या रुग्णाला मी अध्यक्षांचं वय आणि वजन दिलं आणि त्याला सात वेळा मारलं.

मावशी वाचली. साध्या वॉर्डात आणल्यावर मी गेलो. "काका, कोणी ऐकलं नाही म्हणालो होतो ना, तो मीच."

काकांनी पिशवीतून तीच दोन पाकिटं बाहेर काढली. मावशीच बोलली, "मंग खाली मान घालून काहून उभा आहे? बदललं का ते?"

"बदललं, मावशी."

"मले नको सांगू. दुसऱ्या बाईले गोळी देशीन, तवा ध्यानात ठेव."

काकांनी ती पाकिटं माझ्या हातात ठेवली आणि पाठ फिरवली. बरोबर केलं.

पुढच्याच आठवड्यात त्वचेच्या डॉक्टरांचा फोन. "अबे, टिंब चालून नाही राहिलं!"

"नाही चालणार, सर. तुमच्या समोरची बाई रक्त पातळ ठेवायच्या गोळीवर आहे."

"बाहेर लाईन लागली आहे माझ्या!"

"माझ्याही लागली आहे."

फोनमधून कीबोर्डचा खडखडाट, आणि माझ्या पडद्यावर गोळीच्या जागी मलम आलं. थोड्या वेळानं ती बाई माझ्या खिडकीशी हात पुढे करून उभी होती. मलम देण्याआधी मी मान वर केली आणि तिचा चेहरा नीट पाहिला.