दशक्रियेच्या दिवशीचं प्रॅक्टिकल

तीन आठवडे मी साउंड सिस्टिमच्या पिकअपमधून फिरत होतो. वडीगोद्रीकडचं लग्न, मग एका गावचा सप्ताह, मग पुन्हा लग्न. अंगाला केबलच्या रबराचा वास बसला होता, तो साबणानं जात नव्हता. बॉक्स उतरवायचे, स्टँड उभे करायचे, माईक तपासायचे आणि कार्यक्रम संपला की सगळं पुन्हा गाडीत भरायचं. कोणत्या लग्नात काय वाजलं ते मला आठवत नाही. उचलणं तेवढं आठवतं.

आमचे मालक स्वतःच गाडी चालवायचे. सगळे त्यांना मामू म्हणायचे, मीही. त्या दिवशी मंठ्याजवळच्या एका गावात नदीकाठी एका म्हाताऱ्या शेतकऱ्याची दशक्रिया होती, तिथल्या प्रवचनाला आमचा सेट होता. आणि त्याच दुपारी दोन वाजता जालन्याच्या कॉलेजात माझं फिजिक्सचं शेवटचं प्रॅक्टिकल होतं. ते चुकलं असतं तर वर्ष गेलं असतं. मामूंना मी आदल्या दिवशी सांगितलं, पण असं चाचरत की त्यांना ते फार महत्त्वाचं वाटलं नसावं.

"अकराला प्रवचन संपतंय. बाराला निघू, दीडला बराबर गेटपाशी सोडतो तुला," ते म्हणाले.

घरीही तसंच झालं होतं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. वडिलांनी विचारलं, "पेपर झाले न सगळे?" मी हो म्हणालो. "मंग आता काय राह्यलं?" प्रॅक्टिकल म्हणजे काय हे मला नीट सांगता येईना. "थोडंसं राहिलंय," म्हणालो आणि निघालो.

प्रवचन अकराला संपलं. मग श्रद्धांजलीचे 'दोन शब्द' बोलायला एकेक जण उठू लागला. साडेअकरा झाले. शेवटी पिंड वाळूवर मांडले आणि माणसं मागं सरकली. कावळा पिंडाला शिवला की गेलेल्या माणसाची इच्छा राहिली नाही असं मानतात, आणि तोवर तिथून कुणी हलत नाही. चिंचेच्या खालच्या फांदीवर चार-पाच कावळे येऊन बसलेही होते. घरच्यांपैकी एकानं मला हातानं खूण केली, आता बंद कर.

बंद करताना आधी ॲम्प्लिफायर, मग मिक्सर. उलटं केलं तर बॉक्समधून दणका बसतो. हे मीच दुसऱ्यांना शिकवतो. पण माझं लक्ष मोबाईलमधल्या वेळेकडे होतं आणि बोट मिक्सरच्या बटणावर गेलं.

धप्प!

चिंच रिकामी झाली. सगळे कावळे नदीपलीकडच्या बाभळींवर जाऊन बसले.

"आरं, म्हाताऱ्याला परत मारतो का काय!" गर्दीतून कुणीतरी म्हणालं. दोघं-तिघं हसले आणि लगेच गप्प झाले.

मामू पिकअपमधून उतरले, हात वर केला. "माझ्या हातून झालं, मंडळी. माफ करा." ते मिक्सरच्या जवळही नव्हते. सगळ्यांना ते दिसत होतं.

मग वाट पाहणं सुरू झालं. गेलेल्या माणसाला मोठ्यानं शब्द दिले जाऊ लागले. "बाबा, धाकटीचं लग्न आम्ही करू." "बाबा, बैल विकणार न्हाई." "तंबाखू ठेवा रे त्यांची," एक बाई म्हणाली. तंबाखूही ठेवली. पलीकडचे कावळे पलीकडेच. आम्हाला ताकीद मिळाली होती, काही हलवायचं नाही आणि गाडी तर बिलकुल चालू करायची नाही. मी बॉक्सला टेकून उन्हात बसलो. सव्वाबारा झाले.

"जा, सांग त्यांना," मामू हळूच म्हणाले.

"तुम्हीच सांगा न."

"इम्तिहान किसका है, बेटा? मेरा?"

थोरला मुलगा ओल्या धोतरात, मुंडण केलेल्या डोक्यानं, हात जोडून आभाळाकडे बघत उभा होता. त्याला परीक्षेचं काय सांगणार? आणि कावळे तर मीच उडवले होते. अजून पाच मिनिटं, अजून पाच मिनिटं करत मी साडेबारा वाजवले. मग उठलो.

"दादा, माझी दोन वाजता परीक्षा आहे. जालन्याला, कॉलेजात."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "मंग आतापस्तोर इथं काय करून राह्यला तू?"

आवाजात राग नव्हता. माझ्याइतकाच तोही थकलेला होता. त्यानं चुलतभावाला बोलावलं. "तू जालन्यालाच चाल्ला न? याला घेऊन जा. मोटरसायकल इथं चालू करू नको, रोडपर्यंत ढकलत ने."

मी मामूंकडे पाहिलं. सगळे बॉक्स भरायचे होते. त्यांनी नुसता हात हलवला, जा. नंतर कळलं, कावळा आलाच नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला आणि त्याच माणसांनी मामूंना बॉक्स उचलायला मदत केली.

आम्ही दोघांनी मोटरसायकल वाळूतून वर ढकलली. "आवाजवाल्याला बिनआवाजाचं न्यावं लागून राह्यलंय," चुलतभाऊ धापा टाकत म्हणाला.

रोडला लागल्यावर मला मागं डुलकी आली. त्यानं कोपर मारलं. "झोपू नको, पडशील! बोलत राह्य."

"काय बोलू?"

"परीक्षेत जे लिहायचंय ते बोल."

मग मी साहित्य, कृती, सूत्र, सगळं त्याच्या कानाशी ओरडून सांगत गेलो. त्याला त्यातलं काही कळत नसावं, पण मी थांबलो की तो म्हणायचा, "हां, मंग?" जालन्याजवळच्या बियाणं कंपन्यांच्या पाट्या दिसू लागेपर्यंत असंच चाललं होतं.

लॅबमध्ये शिरलो तेव्हा दोन वीस झाले होते. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी उशिराचं कारण विचारलं. मी म्हणालो, "गाडी मिळाली नाही, सर." त्यांनी माझ्या पायांवरची वाळू पाहिली. "बसा. पण वेळ वाढवून मिळणार नाही."

आठ रीडिंग घ्यायची होती, माझी पाच झाली. काटा स्थिर होईपर्यंत डोळे मिटत होते. त्या पाच बिंदूंमधून रेषा ओढली आणि उत्तरपत्रिका दिली. तेवढ्यावर मी पुढं पास झालो, काठावर.

त्या दिवशी मात्र ते माहीत नव्हतं. बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर टेकलो आणि तसाच झोपलो. लॅबला कुलूप लावताना शिपायानं हलवून उठवलं. "कुठून आला रे बाबा एवढा दमून?" त्यानं विचारलं. या वेळी मी त्याला सगळं सांगितलं.