कापलेल्या कडा

संध्याकाळी ऑफिसातून आला, की राजानंद आधी हात साबणानं धुवायचा, बोटांच्या बेचक्यांतलं पाणीसुद्धा टिपायचा आणि मगच भिंग उचलायचा. दिवसाला एकच कार्ड. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत सिगारेटच्या पाकिटांतून बेसबॉल खेळाडूंची ही छोटी चित्रं मिळत. श्टुटगार्टच्या फ्लोमार्क्टमध्ये, जुन्या वस्तूंच्या बाजारात, त्याला ती सापडली होती. कोपरे, सुरकुत्या, डाग, लांबी-रुंदी, सगळं तो वहीत लिहायचा.

"माझ्याकडे कधी इतकं निरखून बघता का हो?" अरुणा, त्याची बायको, विचारायची.

"तू भिंगाशिवाय दिसतेस की."

त्याच्या मित्राला, धम्मपालला, हा नाद त्यानंच शिकवला. जुनी कड कशी मऊ पडते, झिजलेला कोपरा टोकदार करायला कोणी ती कापली तर बोटाला कशी करकरीत लागते. संग्राहकांच्या मंडळात वाद झाला, की म्हातारे जर्मनही विचारत, "राजानंद काय म्हणतो?"

मार्चच्या बैठकीत धम्मपालनं एक कार्ड पुढे केलं. "तू बरं म्हणालास, तर फ्राउ लिंडे अदलाबदल करतील."

राजानंदनं बघितलं. मोजलं नाही, धम्मपालचं होतं.

"कडा मूळच्या आहेत."

निवृत्त शिक्षिका लिंडेबाईंनी बदल्यात सिगारेट-चित्रांचा अल्बम दिला. त्यांच्या वडिलांनी लहानपणी चिकटवलेला.

आठवड्यानं वही चाळताना त्याच कार्डाची नोंद सापडली. दोन वर्षांपूर्वी धम्मपालनंच दाखवलेलं, मागे पेन्सिलची तीच अक्षरं. नोंदीत उजव्या कडेला चहाच्या रंगाचा ठिपका होता. बैठकीतल्या कार्डावर तो नव्हता.

पट्टी घेऊन तो लिंडेबाईंकडे गेला. रुंदी अर्धा मिलिमीटर कमी भरली.

"पण तुम्ही बघितलं होतंत ना?" एवढंच त्या म्हणाल्या.

त्यानं तिथल्या जिन्यातूनच धम्मपालला फोन लावला. "अल्बम परत दे."

"गेला रे, अमेरिकेत एकाला दिला. आणि चिडतोस काय? कडांचं सगळं तूच तर शिकवलंस."

"ओळखायला शिकवलं होतं."

"आल्झो, म्हणजे तेच ना!"

राजानंदनं मंडळाला लिहून कळवलं: माझं मत चुकलं, यापुढे विचारू नये. वही बंद झाली. हात धुणं मात्र राहिलं. भिंग न उचलता तो तसाच टेबलाशी बसायचा.

हिवाळ्यात त्यानं दूर ब्राउनश्वाइग शहरात नोकरी घेतली. सामान हलवायच्या दिवशी धम्मपाल दारात आला, प्लॅस्टिकच्या पाकिटात एक कार्ड घेऊन. "शेवटचं एकदा बघ ना, यार."

अरुणा मागेच उभी होती. राजानंदचे हात कोरडे होते, खांद्यावर टॉवेल.

"टेबलावर ठेव," तो म्हणाला. "हात ओले आहेत माझे."