गार्डाच्या डब्यातला लग्नाचा वाढदिवस

प्रसन्नने गाडी थांबवली. शेताच्या कडेला, रुळाच्या एका तुटक्या तुकड्यावर उभा असलेला लाल डबा पद्मिनीबाईंनी लगेच ओळखला. मालगाडीच्या शेपटाला असतो तो गार्डाचा डबा. आत आता पलंग होता, लोखंडी शेगडी होती, खिडक्यांना फुलाफुलांचे पडदे होते. तंबूत भिजण्यापेक्षा बरं म्हणून इथले लोक सुट्टीत अशा डब्यात राहायला येत.

"सरप्राइज," प्रसन्न म्हणाला. ट्रलीच्या इस्पितळात डॉक्टर असलेल्या या मुलाला आईबापांच्या लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसासाठी सबंध आयर्लंडमध्ये दुसरी जागा सापडली नव्हती. "बाबांचं सगळं आयुष्य यात गेलं ना, आई."

"म्हणून तर," त्या म्हणाल्या.

"इट्स ग्रँड, आज्जी," नात रेवा म्हणाली. सकाळी न्यायला येतो सांगून दोघं निघून गेली.

गुरुनाथराव भुसावळला मालगाडीवर गार्ड होते. घरी येत ते झोपायला. लग्नाचे कितीतरी वाढदिवस पद्मिनीबाईंनी त्यांचं ताट झाकून ठेवून काढले होते. आता त्यांना एवढंच हवं होतं, की नवऱ्याने एक संध्याकाळ समोर बसून जेवावं आणि चार शब्द बोलावेत. त्यासाठी त्यांनी दशम्या आणि लसणाची चटणी बांधून आणली होती.

ताटं मांडेपर्यंत गुरुनाथराव हँडब्रेकच्या चाकाशी झटत होते. चाक हलेना, ते नुसतं शोभेला ठेवलेलं होतं. मग ते खाली उतरून डब्याच्या मागे जाऊन आले.

"टेल लॅम्प नाही," ते म्हणाले.

"अहो, गाडीच नाहीये."

"मागून येणाऱ्याला कळणार कसं?"

"मागून गाई येताहेत. त्यांना दिसतोय डबा. बसा जेवायला."

ते बसले नाहीत. डब्याच्या टोकाच्या उघड्या व्हरांड्यात जाऊन कठड्याला धरून उभे राहिले. समोर काटेरी कुंपण, त्यापलीकडे पाऊस, आणि नऊ वाजत आले तरी न हटणारा तो पांढरट उजेड. त्यात ते एवढं काय बघत होते, देव जाणे.

"निदान आडवे तरी व्हा."

"गार्ड डब्यात आडवा होत नाही. सापडला तर चार्जशीट."

"रिटायर झालात तुम्ही. हार घातला, नारळ दिला. लाडू मी वाटले."

"ते ऑफिसात गं. इथं कोण आलंय सोडवायला?"

बदलीचा गार्ड येऊन चार्ज घेत नाही तोवर डबा सोडायचा नाही, हा नियम पद्मिनीबाईंना तोंडपाठ होता. याच नियमापायी त्यांच्या घरचं जेवण वर्षानुवर्षं गार होत आलं होतं. त्यांनी दात आवळले. प्रसन्न ठेवून गेला होता तो मोठा रेनकोट अंगावर चढवला, एका बाजूने खाली उतरल्या, ओल्या गवतातून डब्याला वळसा घातला आणि दुसऱ्या बाजूच्या पायऱ्यांनी वर आल्या.

"मी बदलीवर आलेय," त्या म्हणाल्या. "चार्ज द्या."

गुरुनाथरावांनी त्यांच्याकडे पाहिलं. हसले नाहीत. सदरा खाली ओढून ताठ उभे राहिले.

"ब्रेक जाम. टेल लॅम्प नाही. सिग्नल दिसत नाही."

"माल काय आहे?"

"एक बाई. तापलेली."

"घेतला चार्ज. चला आत."

ते खरंच आत आले. पलंगाच्या कडेला टेकले, बूट काढले, मोजे बुटांत नीट खोचले. पद्मिनीबाईंना वाटलं, जमलं. चटणीवर तेल घालायला त्या कोपऱ्यातल्या ओट्याकडे वळल्या. लग्नात मांडवात वीज गेली होती ती गोष्ट काढावी, असं त्यांच्या मनात होतं. मागे वळल्या, तर गुरुनाथराव आडवे झाले होते आणि घोरत होते. ड्युटी संपल्यावर घोरत तसेच.

त्यांनी एकदा हाक मारली. मग मारली नाही.

सवयीने त्यांनी आपलं रिकामं ताट उचललं आणि नवऱ्याच्या वाढलेल्या ताटावर पालथं घातलं. आपल्याच हाताने हे केलेलं पाहून त्यांना असा संताप आला, की झाकलेलं ताट त्यांनी पुन्हा उघडं केलं, समोर ओढलं, आणि त्याच्यातली दशमी चटणी लावून खायला लागल्या. आधी त्यांची, मग आपली.