कंसातल्या टाळ्या

रविवार कारंजाजवळच्या छापखान्यात मी कॉम्प्युटरवर मजकूर टाइप करायचे, तेव्हा एका पुढाऱ्याच्या भाषणांचा संग्रह करणारे संपादक रोज यायचे. हस्तलिखित छातीशी धरून माझ्यामागे बसायचे आणि पान संपलं की चष्मा पुसायचे. मला तो माणूस पहिल्या दिवसापासून खटकला. प्रत्येक भाषणात त्यांनी कंसात 'प्रचंड टाळ्या' लिहिलं होतं. पिंपळगावच्या ज्या सभेतून निम्मे लोक उठून गेले, तिथेसुद्धा! त्या सभेला मी स्वतः होते.

"सर, तिथे कुठे टाळ्या पडल्या?" मी विचारलंच.

"ताई, पडायला हव्या होत्या ना?" ते शांतपणे म्हणाले.

प्रकाशनाच्या आदल्या दिवशी त्यांनी आणखी एक कागद दिला. साहेबांचं आभाराचं भाषण! 'या संपादकांचे ऋण मी जन्मभर विसरणार नाही,' असं त्यात होतं. अक्षर मात्र संपादकांचंच होतं, आणि वाक्यापुढे तोच कंस.

समारंभात साहेबांनी ते वाक्य भरल्या आवाजात वाचलं आणि थांबले. सभागृह गप्प. मीही हात मुद्दाम मांडीवरच ठेवले.

मग पहिल्या रांगेतून टाळ्या ऐकू आल्या. संपादक एकटेच वाजवत होते, साहेबांकडे टक लावून. साहेब खाली मान घालून पुढची ओळ शोधत होते.

का ते अजून कळलेलं नाही, पण त्यांच्या मागोमाग वाजलेल्या टाळ्या माझ्या होत्या.