नेफ्यातला डाग

चांगुणाचं सांगायचं तर आधी माझंच सांगावं लागतं, आन् तेच मला नको वाटतं. तरी सांगतो, ऐका.

मी पोपटराव, दौंडातला शिंपी. निम्मं आयुष्य चोळ्या शिवण्यात गेलं. नऊवारीला कासोटा, तिथं परकराचं काय काम? मग सत्तर साल उजाडलं आन् बाया गोल पातळ नेसाय लागल्या. मास्तरणी, नर्सबाया, रेल्वेवाल्यांच्या बायका. माझ्या फळीवर परकरांचा ढीग.

चांगुणा त्यातलीच. बौद्धवाड्यातली, सातवी शिकलेली. नवरा मच्छिंद्र रेल्वेत. ती सरकारी दवाखान्यात आया लागली, तिथं पांढरं गोल पातळच नेसावं लागायचं. सासू सोजरबाई लुगड्यातली. तिनं घर डोक्यावर घेतलं. "भर रस्त्यात सुटलं म्हंजी?"

"आत्याबाई, सुटणार न्हाई. तुम्ही बघाच," म्हणून चांगुणा तडक माझ्याकडं आली. "मामा, नाडी बारीक घाला, पण भक्कम. जीव गेला तरी सुटाय नको." मी पिळाची सुती नाडी घातली. काम चोख झालं म्हणून खुशीत व्हतो, गाढव कुठला!

चौऱ्याहत्तरात कुष्ठरोगाची तपासणी निघाली. चांगुणा डॉक्टरांच्या पुढं पार भांडगावपातुर फिरायची. "बाई, अंगावरचा चट्टा लपवू नगंस. येळंवर दाखवला की बरा हुतो." बाया पदर आवळून घरात पळायच्या, ही त्यांच्या मागनं.

त्याच साली दिवाळीआधी ती परकर घेऊन आली. "मामा, नेफा झिजलाय, बदला." नेफा म्हंजी नाडी ओवायची पट्टी. उलटून बघतो तर जिथं गाठ येते तिथं पिवळसर-तांबूस डाग. धुवून बी न निघालेला. महिन्यानं दुसरा परकर. डाग तिथंच, आन् मोठा.

ही रोज त्या रोग्यांत फिरणार, म्हंजी दुसरं काय असणार? पण विचारायचं कसं? परक्या बाईला कंबरंचं विचारलं तर लोक जोड्यानं मारतील. बायकोला, सिंधूबाईला म्हटलं, तू विचार. ती माझ्यावरच उखडली. "बायांच्या परकरात डोकावताय कशाला? गप मशीन चालवा."

तिसऱ्या बारीला चांगुणानं परकर फळीवर ठेवला आन् मी तो कातरीच्या टोकानं उचलला.

तिनं बघितलं. आधी माझ्या हाताकडं, मग तोंडाकडं. "मामा, आमचा विटाळ अजून हाय व्हय तुम्हाला?" परकर हिसकला आन् गेली.

अहो, मी विटाळ धरला न्हवता! रोगाला भ्यालो व्हतो. पण खरं सांगू? दुसऱ्या आळीतल्या बाईचा परकर असता तर कातर उचलली असती का मी? हेच मला अजून खातं.

दोन महिने ती फिरकली न्हाई. रस्त्यात दिसायची, एक हात कंबरंवर दाबून चालताना. माझं कशातच ध्यान लागंना. एका पोलक्याला मी दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या. शेवटी मशीन झाकलं आन् सरळ तिच्या घरी गेलो.

ती दारातच व्हती. "काय मामा, कातर आणली का संगं?"

"मारायचं तर मार पोरी, पण तुझ्या परकराला पू लागतोय. नेफ्यात बघितलाय मी."

आतनं सोजरबाई आली. "पू? कुठं गं?"

चांगुणा मटकन खाली बसली. "आत्याबाई, तुमच्याशी भांडून हे पातळ नेसले. तुम्हाला कुठल्या तोंडानं सांगू? आन् चट्टा निघाला तर नोकरी गेली. साऱ्या गावाला दाखवा म्हणते, मीच कशी दाखवू?" हमसून हमसून रडाय लागली.

"शिंपीबाबा, तोंड फिरवा तिकडं," सोजरबाई म्हणाली. मी भिंतीकडं बघत उभा राहिलो. मागनं तिचा आवाज आला, "अगं माझे बाई! नाडी बांधलीस का जनावराचं दावं? उद्या पहिल्या गाडीनं पुण्याला चल."

पुण्याच्या डॉक्टरांनी जखमंचा तुकडा काढून तपासला. निकालाला आठ दिवस लागले. ते आठ दिवस मी कसे काढले ते माझं मला ठावं. कुष्ठरोग न्हवता. रोज त्याच जागी नाडी काचून काचून जखम वर्सभर चिघळली व्हती. डॉक्टर म्हणाले, अशीच आवळत राहिली असती तर पुढं कॅन्सर बी झाला असता. माझीच नाडी ती!

महिन्यानं सासू-सुना दुकानात आल्या. सोजरबाईनं आपलं जुनं, धुऊन मऊ झालेलं लुगडं पुढं टाकलं. "ह्याची चार बोटं रुंद पट्टी लाव. नाडी नगं."

"आन् पातळ गोलच?" मी विचारलं.

"मग? नेसंल की. सुटलं तर धराय मी हाय."

चांगुणानं परकर फळीवर ठेवला आन् माझ्या हाताकडं बघत उभी राहिली. मी कातर बाजूला सारली, परकर दोन्ही हातांनी उचलला. तिनं ते नीट बघून घेतलं.

"मंगळवारी न्यायला येते," म्हणाली. मामा मात्र म्हणाली न्हाई.