पेरीन आणि तांदळाचं ताट

रिकामं बसलं तर सुप्रभाबाईंना अन्न पचत नाही, मग ते पुणं असो की टोकियोतलं निशी-कसाई. लेक विनायक ऑफिसात, सून शिवानी ऑफिसात. कचरा वारावारानं वेगळा करून टाकला की दिवस खायला उठायचा. सासरच्या घराण्याचा कुलवृत्तांत लिहिताना बाईंनी अर्धं कोकण पालथं घातलेलं. त्यामुळे शेजारची एलोडी पूर्वज शोधतेय म्हटल्यावर त्या कंबर कसून उभ्याच राहिल्या.

एलोडी कॅनडातल्या क्यूबेकची, इथे फ्रेंच शिकवायची. दिवस भरत आलेले, डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलेलं. कैक पिढ्यांपूर्वी फ्रान्सहून जहाजानं एकटी तिकडे येऊन वालकूर नावाच्या शेतकऱ्याशी लग्न केलेली एक बाई तिच्या घराण्याचं मूळ. तिची गोष्ट घरात सगळ्यांना पाठ, नाव मात्र कुणालाच ठाऊक नाही. एलोडीला तेच नाव लेकीला द्यायचं होतं. बाळ झालं की दोन आठवड्यांत वॉर्ड ऑफिसात नाव द्यावं लागतं, म्हणून घाई.

बाईंनी चर्चच्या जुन्या नोंदी कॉम्प्युटरवर उघडल्या आणि वालकूर घराण्यातल्या सुना शोधू लागल्या. एक नाही सापडली. वालकूरच्या लग्नाचं पानच गहाळ. बरं, मेली तेव्हा तरी नोंद झाली असेल? तीही नाही. विचारायचं तर आपला मान जातो ना! मुलगी जन्मली, आठवडा सरला, तेव्हा कुठे बाई शरमून एलोडीकडे गेल्या.

एलोडी बाळाला खांद्यावर थोपटत म्हणाली, "आंटी, ती वालकूर कशाला होईल? आमच्याकडे नोंदीत बाई मरेपर्यंत माहेरच्याच नावानं असते."

घ्या! काखेत कळसा अन् गावाला वळसा. बाईंनी वालकूरच्या मुलींची लग्नं काढली. थोरलीच्या नोंदीत बाप होता आणि शेजारी आई, स्वतःच्या आडनावासकट: पेरीन बोशे. समुद्र ओलांडला, सहा बाळंतपणं केली, पण नाव कुणी काढून घेतलं नाही तिचं. बाईंना आनंद झाला आणि का कोण जाणे, ते नाव त्यांनी पुन्हा पुन्हा वाचलं.

मग त्यांनी एलोडीला आपली रीत सांगितली. लग्नात नवरा तांदळाच्या ताटात अंगठीनं नवं नाव लिहितो, आणि बायको तीच होऊन जाते. एलोडीनं विचारलं, मग आधीचं नाव कुठे जातं? बाई चहा टाकते म्हणून उठल्या.

रविवारी बाईंच्या घरी बारसं झालं. शिवानीनं शिरा केला, बाळाच्या कानात बाईंनीच कुर्र केलं. ताटात तांदूळ पसरून त्यांनी अंगठीनं ठसठशीत लिहिलं, पेरीन. एलोडीचे डोळे भरून आले. तिनं बाईंचा हात हातात घेतला आणि तो तसाच पुन्हा तांदळावर ठेवला. बाई क्षणभर थबकल्या. मग पेरीनच्या खाली हळूहळू एक नाव लिहिलं. अक्षरं जरा वाकडी आली.

माहेरी सगळे त्यांना ताईच म्हणायचे, आणि सासरी पहिल्या दिवसापासून सुप्रभा. विनायक शिऱ्याची बशी घेऊन जवळ आला, ताटात वाकून बघू लागला.

"आई, उत्तरा कोण गं?"

बाई म्हणाल्या, "मी."