उष्टी अँटिबॉडी

एकदा वापरलेल्या अँटिबॉडीला आमच्या प्रयोगशाळेत 'उष्टी' म्हणत. बोटाच्या पेराएवढ्या कुपीत, तळाशी जेमतेम काही थेंब, अशी ती परदेशातून बर्फात घालून यायची. विमानतळावर कागदपत्रांत अडकली की सरांच्या जवळपास कुणी फिरकत नसे. इतकी महागाची वस्तू एकदा वापरून मोरीत ओतणं पुण्यात तरी शक्य नव्हतं. पातळ करून ती रात्रभर पेशींवर ठेवायची, सकाळी हलकेच ओढून परत नळीत भरायची आणि नळी फ्रिजमध्ये. ताजी वापरायचा मान ज्येष्ठ विद्यार्थ्याचा. उष्टी नवशिक्यांना, हात बसवायला. हा नियम कुठं लिहिलेला नव्हता, पण पाळायचे सगळे. आणि सुरुवातीपासून ज्येष्ठ मीच होते.

काम सांगायला सोपं. कोंबडीच्या अंड्यातल्या गर्भातून चेतापेशी काढायच्या आणि काचेवर वाढवायच्या. या पेशीला लांबलचक शेपूट असते आणि शेपटीच्या आत प्रथिनांचे बारीक धागे, ज्यांच्या आधारावर ती तग धरते. सशाच्या रक्तातून काढलेली आमची अँटिबॉडी त्या धाग्यांना जाऊन चिकटायची. मग तिलाच चिकटणारा हिरवा, चमकणारा रंग घालायचा आणि अंधाऱ्या खोलीत सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. जमलं असेल तर काळ्याभोर पडद्यावर नुसते हिरवे धागे दिसतात. माझ्या काचेवर धागे दिसत, पण त्यांच्या भोवती सगळीकडे हिरवट धुकं असे, गरम चहा पिताना चष्म्यावर येतं तसं. पाच वर्षं मी ते धुकं घालवायच्या मागे होते. काचा जास्त वेळ धुतल्या, क्षार बदलले, रंग कमी केला. धुकं आपलं जागच्या जागी.

अशात ती नवी विद्यार्थिनी आली. शहरानं गिळलेल्या एका गावातली, वडिलांच्या उरल्यासुरल्या वावरात अजून भाजी निघायची. सोमवारी स्कूटरच्या डिकीतून सगळ्यांना मेथीच्या जुड्या आणायची. मला ती मेथीसुद्धा खटकायची. घरी मात्र न्यायचे.

सुरुवातीचे प्रयोग तिनं माझ्याच उष्ट्या नळीवर केले आणि पडद्यावर जे उमटलं ते बघायला सर खुर्चीतून उठले. धागा न धागा सुटा, आणि मागं काळोख. माझ्या चित्रासाठी सर कधी उठले नव्हते. त्यांची स्तुतीची कमाल म्हणजे 'चालेल'. त्या दिवशी ते चक्क 'वा' म्हणाले.

"नवशिक्याचं नशीब," मी म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. पण पुढच्या खेपेला पुन्हा तेच, त्याच्या पुढच्याला अजून सुंदर. हिच्या हातात कला आहे, असं लोक बोलायला लागले. मग मी तिचे हात बघत बसायचे. साधे, जाड बोटांचे, नखांत कधीकधी माती. माझ्या हातांत काय नव्हतं? नुसती जळत होते मी. तिनं काच फोडली की बरं वाटायचं. संध्याकाळी कोथरूडला घरी गेले की आईपुढं तिचीच उणीदुणी. शेवटी एकदा आई पोळी लाटता लाटता म्हणाली, "अगं, त्या मुलीला एकदा जेवायला तरी बोलाव. रोज तिचंच तर चाललंय."

मग पेपर लिहायची वेळ आली. मुख्य चित्र एकच असणार, आणि ज्याचं चित्र त्याचं नाव पहिलं, हे सरांनी आधीच सांगून टाकलं. पुढे परदेशात जागा मागायची तर सगळे ते पहिलं नाव तेवढं बघतात. पाच वर्षं मी त्या एका नावासाठी काढली होती.

"दोघींनी एकाच दिवशी करा," सर म्हणाले. "एकाच अंड्यातल्या पेशी घ्या. मग बघू."

"नवी कुपी मी उघडणार," मी म्हटलं.

"उघडा की ताई," ती म्हणाली. "मला तुमची मागची नळी हाय की."

त्या दिवशी मी जीव ओतून काम केलं. मिनिटं मोजून धुतलं, श्वास रोखून रंग घातला. अंधाऱ्या खोलीत सरांनी आधी माझी काच लावली. भिंग दोनदा फिरवून बघितलं. मग म्हणाले, "धुकं आहे." तिची काच लावली आणि लगेच म्हणाले, "हे पेपरात जाईल."

माझा तोल गेला. "सर, ताजी अँटिबॉडी माझी, तिची उष्टी. मग तिचं चित्र चांगलं कसं?"

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "प्रश्नातच उत्तर आहे तुमच्या. सशाच्या रक्तात धाग्यांना धरणारं असतं, तसं भलत्यालाच चिकटणारंही असतं. ते सगळं पहिल्या खेपेला तुमच्या पेशींना चिकटून बसतं. नळीत परत जातं ते निवडलेलं. तिला रोज निवडलेलं मिळालं. आणि तुम्ही रोज ताजीचा हट्ट धरलात."

"म्हणजे तिच्या चित्रातली सफाई माझ्या पेशींनी केली."

"केली की," सर म्हणाले. "आभारात लिहू. ताईंच्या पेशींचे आभार."

ती हसली नाही. मला ते जास्त लागलं. हसली असती तर निदान रागावता आलं असतं.

पेपर तिच्या पहिल्या नावानं गेला, माझं दुसरं. त्याच आठवड्यात ती माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. "ताई, मला काय सर बोलेपर्यंत ठाऊक नव्हतं. आता आधी मी वापरते. धुकं माझ्याकडं ऱ्हाऊ दे. मग तुम्ही घ्या." मी मान हलवून तिला वाटेला लावलं. हिचं उष्टं मी घ्यायचं? चार दिवस तेच मनात घोळत होतं. पण प्रबंधाला चित्र हवंच होतं. शेवटी फ्रिज उघडला आणि तिची नळी घेतली.

पडद्यावर धागे आले. काळ्याभोर पडद्यावर, सुटे, टोकापर्यंत. पाच वर्षं जे बघायचं होतं ते. ती मागून वाकून बघत होती. "ताई! माझ्यापेक्षा भारी आलंय!" असं ओरडून ती सरांना बोलवायला पळालीसुद्धा. सर आले, उभ्या उभ्या बघून म्हणाले, "चालेल."

मी मात्र तिच्या तोंडाकडे बघत होते. कुठंतरी, डोळ्यांत, ओठांच्या कोपऱ्यात, थोडं तरी काहीतरी दिसेल म्हणून. पडद्याच्या हिरव्या उजेडात तो चेहरा नुसता खूश होता. पहिल्या नावाचा हेवा पुढे सरला. त्या चेहऱ्याचा अजून वाटतो.